नानांची दोन बोटं

समुद्राला ताप आलाय ही बातमी जगात सगळ्यात आधी कोणाला लागली असेल, तर ती माझ्या मैत्रिणीच्या नानांना. शास्त्रज्ञ, सरकार आणि वर्तमानपत्रं हे सगळे फार नंतर आले. नाना रोज पहाटेची नमाज झाली की बंदरावर जायचे, धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसायचे आणि बाही वर करून कोपर पाण्यात बुडवायचे. हात नाही, कोपर. तान्ह्या मुलाला आंघोळ घालण्याआधी बायका पाणी बघतात, तसं. मग डोळे मिटून जरा वेळ थांबायचे आणि वर येऊन जो पहिला माणूस भेटेल त्याला निदान सांगायचे, "आजपण अंग गरम हाय." तो माणूस बहुतेक बर्फाची लादी ओढत असायचा. "मग ताप उतरायची गोळी टाका ना त्याच्यात, नाखवा!" "गोळी त्याला नको रे, तुला पायजे," असं म्हणून नाना पुढे जायचे.

मासे त्यांना नातेवाईक वाटायचे. बांगडा म्हणजे घरचा जावई. ठरल्या वेळी येणार, मान घेणार आणि जाणार. तो यायला उशीर झाला की नानांचं जेवण कमी व्हायचं. तारली मात्र दूरच्या नात्यातली, खाली दक्षिणेकडे राहणारी. ती एका वर्षी आमच्याकडे ढिगांनी आली तेव्हा सगळं बंदर खूश होतं आणि नाना एका पाटीपुढे उकिडवे बसून तिची चौकशी करत होते. "काय गो, घरी बरं हाय ना? इतक्या लांब, तेपण सगळं कुटुंब घेऊन?" मी शेजारी उभी होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "सुखासुखी कोण घर सोडतो? आमची पोरं दुबईला गेली ती काय हौसेनं?" लहान बांगड्यांनी भरलेला टेम्पो कोंबड्यांच्या खाद्यासाठी निघाला की ते ड्रायव्हरला हटकायचे, "अरे, ही बालवाडी कुठं घेऊन चाललास?" ड्रायव्हर हसून हॉर्न वाजवायचा. नाना हसायचे नाहीत.

मासे कमी का झाले यावर त्या काळी रत्नागिरीत सगळेच बोलायचे. ट्रॉलरवाले छोट्या होड्यांना दोष द्यायचे, होड्यावाले ट्रॉलरना, आणि दोघे मिळून सरकारला. नाना कोणालाच दोष द्यायचे नाहीत. ते शहाळ्याचं उदाहरण द्यायचे. "एका शहाळ्यात धा जणांनी नळ्या घातल्या, तर सावकाश कोण पिणार? जो थांबला तो तहानला. पिणारा वाईट नाय, तहान वाईट नाय. नळ्या ज्यास्त झाल्या. आणि आता वरून शहाळं उन्हात ठेवलंय." मी पुढे अर्थशास्त्राची दोन जाड पुस्तकं वाचली. त्यांत यापेक्षा जास्त काही होतं असं मला आठवत नाही.

यावर नानांचा उपाय एकच होता, दोन बोटं. जाळ्याच्या भोकाला आमच्याकडे आस म्हणतात. त्या आसातून मधलं आणि शेजारचं अशी दोन बोटं आरपार गेली पाहिजेत, म्हणजे पिल्लं सुटतात, मोठी होतात आणि पुढच्या वर्षी कामाला येतात. नानांची बोटं जाडजूड आणि खरखरीत होती, आणि ती ते जगातल्या प्रत्येक भोकात घालून बघायचे. माझ्या आईची बाजाराची जाळीदार पिशवी पास झाली. खिडकीची डासांची जाळी नापास झाली आणि दोन दिवस त्यांच्या नजरेतून उतरली. पिठाच्या चाळणीवरून त्यांची सुनेशी कडाक्याची भांडणं व्हायची. "बाबा, यातून मासे नाय, कोंडा काढायचाय!" "कोंड्यालापण जीव असतो," नाना म्हणायचे. नातवाच्या लग्नात नवरदेव सेहरा बांधून मान खाली घालून बसला होता. मौलवीसाहेब आत येत होते आणि नानांनी पुढे होऊन त्या फुलांच्या झालरीत दोन बोटं घातली. "आस बरा हाय," म्हणाले. मंडप हसून हसून वाकला.

मीही हसले. पण मला त्या हसण्याचा हक्क नव्हता.

दोन हजार साल लागायच्या आधीच्या हिवाळ्यात मला पहिली नोकरी लागली होती. मासेमारीच्या अर्थकारणाचा अभ्यास करायला बाहेरून एक साहेब आले होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला इंग्रजी चांगलं येत होतं, एवढ्यावर माझी निवड झाली. मच्छीमार बोलणार, मी ते इंग्रजीत लिहून घेणार. मला लोकांच्या तोंडाकडे बघायचा संकोच वाटायचा, म्हणून मी वहीकडे बघून लिहायचे. एक दिवस एक म्हातारे तांडेल, बोटीवरचे जुने म्होरके, तासभर बोलले आणि शेवटी म्हणाले, "माझं म्हणणं एकच. परत्येक मालकानं दोन बोटं ठेवावी. बस." त्या वेळी मी वर बघितलं. त्यांनी दोन बोटं उंच धरली होती. मला वाटलं, आकडा सांगताहेत. मी लिहिलं की प्रत्येक मालकाने दोनच बोटी ठेवाव्यात.

बोटी नव्हे, बोटं. बालवाडीतल्या मुलालाही हा फरक कळतो. मलाही कळायला हवा होता. पण आमच्या इंग्रजी शाळेत मराठी हा आठवड्यातून चार तासांचा विषय होता, आणि तो, ती, ते हे मी आयुष्यभर अंदाजाने चालवत आले होते. शिवाय मनात कुठेतरी असंही होतं की हे मोहल्ल्यातले म्हातारे, यांचंच व्याकरण चुकत असणार. साहेबांना ते वाक्य फार आवडलं. सगळ्या अहवालात एवढी नेमकी सूचना दुसरी नव्हती. त्यांनी माझं कौतुक केलं. नोकरीतलं ते पहिलं कौतुक.

महिन्याभराने सभा झाली. अहवाल अजून कच्चा होता, काही बदल असतील तर सांगा म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. कोणीतरी मराठी सारांश वाचून दाखवला. "एका ज्येष्ठ तांडेलांच्या मते प्रत्येक मालकाकडे दोनच बोटी असाव्यात." हॉलमध्ये तीन-चार बोटींचे मालक बरेच होते.

"नाखवा, तिसरी बोट काय तुमच्या अंगणात उभी करू?"

"स्वतःच्या मुलाला विचारलंत काय? त्याच्याकडे तीन हायत!"

नाना उठून उभे राहिले. "बोटी नाय रे, बोटं! बोटं म्हटलं मी! जाळ्याचा आस!" आणि हात वर करून त्यांनी बोटं दाखवली.

"घ्या, आता म्हातारा बोटं दाखवतोय!" हॉल हसला. "घाबरला, फिरवतोय शब्द!"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "त्या पोरीला विचारा. तिनं लिवलंय. ती सांगंल."

साहेब माझ्याकडे झुकले आणि हळूच त्यांनी मला इंग्रजीत विचारलं की हे नक्की बोटींबद्दलच बोलले होते ना? मी त्या दोन बोटांकडे बघत होते. मला सगळं समजलं होतं. माझी चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं, आणि तिथल्या तिथे दुरुस्ती झाली असती. मी म्हणाले, "येस सर. बोट्स."

मालक एकत्र आले आणि त्यांनी सगळा अहवालच नाकारला. आसाचा विषय पुन्हा निघालाच नाही. नानांना बंदरावर 'दोनबोटीवाले' हे नाव पडलं. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला त्यांची खुर्ची ठरलेली असायची, ती गेली. पूर्वी ते धक्क्यावर आले की खलाशी चेष्टेने का होईना, पण जाळं पुढे करायचे, "घाला नाखवा बोटं, बघा पास होतो काय." आता ते जवळ आले की जाळं बाजूला ओढायचे.

हे मला नंतर शमीमने सांगितलं. शमीम माझी टायपिंगच्या क्लासमधली मैत्रीण. तिने ईदला शिरखुर्मा प्यायला बोलावलं, मी गेले, आणि दार उघडलं ते नानांनी; ते तिचेच आजोबा निघाले. मला पळून जावंसं वाटलं. नाना म्हणाले, "ये गो पोरी, आत ये," आणि माझ्या हातातल्या पिशवीत बोटं घातली. घरातल्या चाळण्या, जाळ्या, पडदे तपासायची ही सवय त्यांना त्या सभेनंतर लागली होती, तेही शमीमकडूनच कळलं. आधी त्यांना हे सगळं घरात करायची गरज नव्हती.

मी सहा-सात वर्षं त्या घरी जात राहिले. नानांबरोबर धक्क्यावर गेले, तारलीची चौकशी ऐकली, त्या लग्नात जेवले. दर वेळी ठरवायचे की आज सांगायचं. दर वेळी चहा यायचा, विषय बदलायचा, आणि मी घरी यायचे. समुद्र दरवर्षी थोडा जास्त तापत होता, बोटी आणखी लांब जात होत्या आणि जाळी आणखी बारीक होत होती.

पुण्याला नोकरी लागली तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी मी एक कागद लिहून नेला. मराठीत, तीनदा खाडाखोड करून. नाना ओट्यावर बसले होते.

"नाना, त्या वेळी मी चुकीचं लिहिलं होतं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"तेव्हाच. तुझे कान लाल झाले होते. शमीमचे होतात तसे."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मी तर बोलतच होतो की गो," नाना शांतपणे म्हणाले. "सगळ्या हॉलात मी एकटाच बोलत होतो."

मी कागद वाचून दाखवला. आस दोन बोटांचा असावा, त्यामागचं कारण, पिल्लं, तापलेलं पाणी, सगळं त्यांच्याच शब्दांत. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. एका ठिकाणी थांबवून म्हणाले, "तिथं 'कृपया' घाल." मी घातलं. मग त्यांनी कागद हातात घेतला, चार घड्या केल्या आणि विचारलं, "आता हा कुठं द्यायचा?"

ते ऑफिस कधीच बंद झालं होतं. साहेब कोणत्या गावी गेले ते मला माहीत नव्हतं. नाना माझ्याकडे बघत होते. टोमणा मारल्यासारखं नाही. कोणाला पत्ता विचारावा आणि तो सांगेपर्यंत थांबावं, तसे ते थांबले होते.

शेवटी त्यांनीच आत हाक मारली, "शमीम, पोरीला उद्या जायचंय. खायला दे काहीतरी." शमीम बशी घेऊन आली. मी खाल्लं, गाडीची वेळ सांगितली, पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी डोक्यावर डावा हात ठेवला. उजव्या हातात तो कागद होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही.