कावळा नियमात न्हाई

घाटावरचा लिंबाजी म्हणजे लई कडक माणूस. नांदेडला नदीकाठी 'पक्ष्यांना दाणे टाकू नयेत' अशी पाटी लागली आणि तिच्याशेजारी राखणीला हा बसला. पाटी लागली ती खरं तर कबुतरांपायी; पायऱ्या घाणीनं भरायच्या, माणसांना धाप लागायची. पण पाटीवर शब्द होता पक्षी, आणि लिंबाजीला शब्द म्हणजे शब्द. कोणी ज्वारीची मूठ उघडायच्या आत तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारायचा, की कबुतरं तर उडायचीच, कडुलिंबावरचे कावळेही पार पलीकडच्या तीराला जायचे.

त्याच्या मायनं, सुमनबाईनं, त्याला एकदाच टोकलं होतं. "कबुतरं हाकल बाबा, पण कावळ्याच्या वाटंला जाऊ नको. एक दिवस माझं काम पडणार हाय त्याच्याशी." लिंबाजीनं ते हसण्यावारी नेलं.

आणि तो दिवस आलाच की. मायचा दहावा, त्याच घाटावर. भाताचा पिंड मांडला आणि सगळे मागं सरकून कावळ्याची वाट बघत बसले. शिवला तर माय सुखानं गेली. न्हाई शिवला तर तिचा जीव कशात तरी अडकला.

कडुलिंबावर कावळे होते, होते की! पण खाली यायचं नाव नाही. लिंबाजीनं डोकं भादरलेलं, अंगावर नुसतं धोतर, तरी त्या लबाडांनी त्याला बरोबर ओळखलं होतं. मान तिरकी करून त्याच्याकडंच बघत होते. भाऊबंद एकेक कबूल करू लागले: धाकट्याला सांभाळू, मायची पाटली लेकीला, सिंधूलाच देऊ, म्हशी विकणार नाही. कावळे ढिम्म.

मग एक उठला. पायरीवर उतरला. थबकत, उड्या मारत पिंडाकडं निघाला. कोणी खोकेना, कोणी हलेना. आता चोच मारणार, मारणारच, एवढ्यात कबुतरांचा थवा धाडकन पिंडावर उतरला. लिंबाजीची बोटं आपसूक तोंडात गेली. अहो, शिट्टी वाजली! कबुतरं गेली, कावळा गेला, झाडावरचे बाकीचेही गेले.

आता काय बोलावं या माणसाला! चुलत्यानं कपाळावर हात मारून घेतला. कोणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करा आणि उरका. ते ऐकून लिंबाजीनं जोरानं मान हलवली. गवताच्या कावळ्यावर मायला वाटेला लावायचं, तेही आपल्याच शिट्टीपायी?

बऱ्याच वेळानं कावळे परतले, पण परत झाडावरच. बहीण सिंधू रडत नव्हती, चिडली होती. "दादा, तू दिसतोस तवर त्यो येणार न्हाई. तू ऊठ इथून."

थोरल्या लेकानं मायच्या पिंडासमोरून उठायचं? पण तो उठला. हात जोडले आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "माय, तुझं खरं. कावळा नियमात न्हाई." मग जाऊन आपल्याच पाटीमागं उकिडवा बसला, पार दिसेनासा झाला.

पाटीमागून काय दिसतंय, डोंबल! पत्र्याला कपाळ लावून कान टवकारून बसला. पंखांची फडफड झाली. कावळा की कबुतर? जीव नुसता खालीवर. बोटं परत तोंडाकडं जायला लागली, तसे त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"शिवला!" सिंधूचा आवाज फुटला. "दादा, शिवला!"

बघायला धावावं म्हणून तो अर्धा उठला आणि तसाच खाली बसला. कावळा अजून खात असणार. खाऊ दे. पाटीमागंच तो तोंडावर धोतराचा सोगा धरून हमसून हमसून रडला, आणि रडता रडता हसला.

पाटी अजून तिथंच आहे, कबुतरांवरची शिट्टीही तशीच. फक्त घाटावर कोणाचा पिंड मांडलेला दिसला की लिंबाजी कोणी न सांगता उठतो आणि पाटीमागं जाऊन बसतो.