उमाण्यांची पॅसेंजर

अपडाउन करणाऱ्या माणसाकडं जुने पास आणि किस्से न मागता साठत जातात. पास मी मागच्या दिवाळीला रद्दीत दिले. किस्से कोण घेणार?

नोकरीसाठी मी कितीतरी वर्षं बडनेऱ्याहून अकोल्याला सकाळच्या पॅसेंजरनं गेले. आमचा ग्रुप चौघांचा. मी, अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवणारे वानखडे सर, मुर्तिजापूरच्या पोस्टात असलेल्या मेश्राम मॅडम आणि अमरावतीचे कपड्याचे दुकानदार शकीलभाई. शकीलभाईंना अकोल्यात रोज काय माल घ्यायचा असायचा ते आम्ही कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

बाकीचे लोक पत्ते कुटायचे. आम्ही उमाणी घालायचो. उमाणं म्हणजे कोडंच. पण कोडं छापलेलं असतं, उमाणं तोंडानं घालावं लागतं. नियम एकच, उत्तर मुर्तिजापूरच्या आत आलं पाहिजे. कारण मेश्राम मॅडम तिथं उतरायच्या, आणि अर्धवट उमाणं डोक्यात घेऊन गेल्या की दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागायचं नाही!

*

एकदा सरांनी शब्दाचं उमाणं घातलं. "तीन अक्षरांचं गाव. पहिलं अक्षर काढलं तर अंगात घालतात. मधलं काढलं तरी घालतात, पण लग्न जमवताना."

आम्ही तालुके पालथे घातले. वरूड झालं, तेल्हारा झालं. शकीलभाईंनी तर "पुणे" म्हणून पाहिलं.

"शकीलभाई, तीन अक्षरं!"

"तो 'पुणे शहर' ले लो. बढ़ा देंगे थोड़ा."

माना स्टेशन गेलं, मुर्तिजापूर जवळ आलं, मेश्राम मॅडमचा जीव खालीवर. समोरच्या बाकावर एक गृहस्थ पिशवी उशाला घेऊन झोपले होते. आमच्या गलक्यानं ते उठून बसले. वेळ घालवायचा म्हणून शकीलभाईंनी विचारलं, "कोण्या गावचे भाऊ?"

"अकोट."

आम्ही चौघंही एकदम ओरडलो, "अकोट!"

कोट अंगात घालतात आणि अट लग्नात! मेश्राम मॅडमनी तर टाळ्याच वाजवल्या. त्या गृहस्थांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मोबाईल शोधत ते म्हणाले, "काहून? काय झालं अकोटले?"

*

मेश्राम मॅडमच्या लेकीचा बारावीचा निकाल होता त्या दिवशी त्यांचं डोकं काही चालेना. म्हणून शकीलभाईंनी मुद्दाम सोपं घातलं. "खाये तो जिये, पानी पिये तो मर जाये."

आम्हा सगळ्यांना ते आलं, पण बोललो नाही. मॅडमनाच येऊ द्यायचं होतं. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि मुर्तिजापूर आलं तशा उतरल्या.

गाडी हलली. आणि प्लॅटफॉर्मवर मॅडमच्या डोक्यात प्रकाश पडला. पर्स छातीशी धरून त्या गाडीबरोबर धावत सुटल्या. "आग! शकीलभाई, आग! आग!"

पुढच्या डब्यात कोणीतरी साखळी ओढली.

एक पोलीस आला. मॅडम धापा टाकत म्हणाल्या, "आग नाही साहेब, उत्तर होतं."

"कशाचं?"

मॅडमनी त्याला उमाणं सांगितलं. त्यानं ते नीट ऐकून घेतलं आणि नाराज होऊन म्हणाला, "हे त मलेबी आलं असतं!"

संध्याकाळच्या गाडीत मॅडम पेढे घेऊन आल्या. लेक पास झाली होती. पहिला पेढा त्यांनी शकीलभाईंना दिला आणि म्हणाल्या, "उद्या कठीण घाला."

*

शकीलभाईंनी एकदा वरूडची संत्री आणली. टोपली बाकावर ठेवली. "चार संतरे, चार आदमी. हर एक को एक मिला. फिर भी टोकरी में एक बच गया. कैसे?"

सर हसले. "जुनं आहे हे. चौथ्याला टोपलीसकट द्यायचं."

"ग़लत."

गणिताच्या मास्तरांना "ग़लत" म्हणणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. सर इरेला पेटले. आम्ही आमची संत्री सोलता सोलता डोकं खाजवत होतो. कुरूम गेलं, माना गेलं, मुर्तिजापूर जवळ आलं. शेवटी सर म्हणाले, "हरलो. सांगा."

शकीलभाईंनी टोपलीतल्या एकुलत्या एका संत्र्यावर रुमाल टाकला.

"मेरा रोज़ा है, सर. ये शाम को."

डब्यात संत्र्याचा वास भरला होता. आम्ही तिघंही हातातल्या फोडी तशाच धरून बसलो. शकीलभाई म्हणाले, "खाओ खाओ! उमाना तुम हारे हो, संतरा नहीं."

*

पुढं लॉकडाऊनमध्ये पॅसेंजर बंद पडली. ती सुरू होईपर्यंत सर रिटायर झाले, मॅडमची बदली चांदूर रेल्वेला झाली, शकीलभाईंनी दुकान मुलाकडं सोपवलं. मीही अकोला सोडलं. गाडी आता बडनेऱ्यात दिसते. तिच्यात आपलं कोणी दिसत नाही.

मेश्राम मॅडमनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘उमाणी’. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं एक आकड्यांचं कोडं टाकलं. कितीतरी वेळ खपून तयार केलं होतं. चहा गाळेपर्यंत उत्तर आलं. मॅडमच्या नातेवाईकांपैकी कोणीतरी पोरगा ग्रुपमध्ये होता, त्यानं मोबाईललाच विचारून टाकलं होतं. सोबत स्पष्टीकरण, आणि खाली अंगठा.

मग शकीलभाईंचा व्हॉइस मेसेज आला. एवढाच:

"अरे भाई... मुर्तिजापूर तो आने दो!"

मी तो अजून पुसलेला नाही.

*

आणि हा शेवटचा. पॅसेंजर चालू होती तेव्हाचा, दसऱ्यानंतरच्या दिवसांतला. वानखडे सरांची बायको, शोभाताई, त्याच वर्षी वारल्या होत्या. सर गाडीत यायचे, आमच्या उमाण्यांची उत्तरंही द्यायचे. पण स्वतः घालायचे नाहीत. हसणं तर बंदच झालं होतं.

त्या दिवशी बडनेऱ्याला एक म्हातारी चढली. लेकीकडून तेल्हाऱ्याला परत निघाली होती. आमचं थोडा वेळ ऐकून म्हणाली, "मीबी एक घालू काय? तिघी वाकल्या, एक उभी..."

सर पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच त्यांनी पुढचं म्हटलं, "उभीच्या मुठीत गावाचा जीव."

"तुमाले कसं मालूम?"

"माझी बायको घालायची. तेल्हाऱ्याकडचीच होती."

मग सर बोलले. बऱ्याच दिवसांनी एवढं बोलले. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शोभाताईंनी हे उमाणं घातलं होतं. सर अमरावती शहरात वाढलेले. शेतीवाडीशी संबंध नाही. त्यांना ते सुटेना. जन्मभर ते जेवताना, फिरायला जाताना, मध्येच एखादं उत्तर टाकून बघायचे. शोभाताई म्हणायच्या, "नाई." एकदा सर ‘त्रिकोण’ म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "त्रिकोण तुमच्या शाळेत ठेवा." दवाखान्यातही सरांनी विचारलं, आता तरी सांग. त्या म्हणाल्या, "सांगीन ना. घाई काय हाय?"

मेश्राम मॅडमना राहवलं नाही. "आजी, सांगा ना सरांना उत्तर!"

"अवो, लय सोपं हाय. ते त..."

"नका सांगू!" सरांनी हातच धरला म्हातारीचा. मग ओशाळून सोडला. "म्हणजे... मी सांगतो, आजी. तुमी फक्त हो का नाही तेवढं म्हना."

म्हातारीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. लुगडं सावरून बसली. "सांगा."

"चूल? तीन दगडांची?"

"नाई."

सर हसले! आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

"तीन बोटं अन् अंगठा. घास घेताना."

"नाई."

"तिपाई?"

"नाई वो. तिपाईत कायचा आला जीव?"

सर आणखी मोठ्यानं हसले. मुर्तिजापूर आलं. मेश्राम मॅडम सरांच्या खांद्याला नुसता हात लावून उतरल्या. सरांचं चालूच. त्रिशूळ, बेलाचं पान, घड्याळाचे काटे. "नाई. नाई. नाई." प्रत्येक "नाई"ला सरांचा चेहरा उजळत होता.

बोरगाव मागं पडलं. रुळाच्या कडेच्या वावरात हरभऱ्याची पेरणी चालली होती. ट्रॅक्टर नव्हता, बैलांमागं तीन दात्यांची जुनी लाकडी तिफण होती. तिच्यामागून पदर खोचलेली एक बाई चालत होती आणि चालता चालता मुठीतून बी सोडत होती.

सर ते वावर नजरेआड होईपर्यंत मान वळवून पाहत राहिले. म्हातारीनंही पाहिलं. शकीलभाईंनी माझ्याकडं पाहिलं.

मग सर हळूच म्हणाले, "आजी... तिफण?"

म्हातारी खिडकीबाहेर बघत राहिली. अकोल्याची घरं दिसायला लागली तशी तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली,

"नाई, गुरजी. आखीन लय दूर हा तुमी."