तिसऱ्या मजल्यावरच्या कांबळे मॅडम

नाही म्हणजे नाही. साठी झाली, गुडघे ऐकत नाहीत, जिने चढवत नाहीत, म्हणून शनिवारचा वर्ग बंद करायचा, हे कांबळे मॅडमचं म्हणणं मला फोनवर पटलं नव्हतं आणि या गौरवग्रंथातही पटत नाही. मस्कतहून, एवढ्या लांबून भांडतोय, मंडळींनी सांभाळून घ्यावं.

मॅडमची आणि माझी पहिली भेट वर्तकनगरच्या त्याच तिसऱ्या मजल्यावर झाली. तिथे त्यांचं छोटं ऑफिस. लोकांचे फॉर्म, याद्या तपासून कॉम्प्युटरला कळेल अशा साच्यात बसवायचं काम. मी टायपिंगच्या नोकरीसाठी गेलेलो. नववी नापास, म्हणून अर्जात 'शिक्षण' कोरं सोडलेलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. त्या म्हणाल्या, "हा रकाना ऐच्छिक आहे. टाईप करून दाखव."

शनिवारी त्या फुकट फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका छोट्या तुकड्याने, एकच काम करायचं. कागद घ्यायचा, नवा कागद द्यायचा. मूळ कागदाला हात लावायचा नाही, आधीच्या कागदातलं काही लक्षात ठेवायचं नाही. मला हे नखरे वाटायचे.

म्हणून डोंबिवलीच्या एका वधूवर मंडळाची यादी आली, तेव्हा मी माझ्या पद्धतीने झटपट प्रोग्रॅम लिहिला. त्यात कोणी 'अपेक्षा' कोरी सोडली, की आधीच्या स्थळाची अपेक्षा त्याला चिकटायची. यादी मेळाव्यात वाटली गेली. सोमवारी मंडळाचे काका धापा टाकत वर आले.

"अहो मॅडम, आमच्या अठ्ठावन्न वर्षांच्या विधुराला 'उंच, देखणा, घरच्यांपासून वेगळा राहणारा मुलगा हवा' असं छापलंय!"

"त्यांनी तक्रार केली?"

"सुनेने केली. ते म्हणतात, वेगळं राहायची कल्पना चांगली आहे."

मी टेबलाखाली शिरायच्या बेतात. मॅडम म्हणाल्या, "चूक ऑफिसची आहे. उद्या नवी यादी मिळेल." माझं नावही घेतलं नाही. काका गेल्यावर मात्र, "विकास, मुलीचा कागद संपला की तिची अपेक्षाही संपली. त्या गृहस्थांच्या गळ्यात कशाला घातलीस?"

"मला काढून टाका, मॅडम."

"त्याने यादी दुरुस्त होते का? बस इथे."

दिवसभर बसून बारीक बारीक फंक्शन्स लिहिली. एक तपासणारं, एक बदलणारं. कोरं ते कोरंच राहिलं. माझं तपासणारं पहिल्या चुकीवरच थांबायचं, त्यावरही बोलणी खाल्ली. "सगळ्या चुका एकदम सांग रे. माणसाला दर चुकीला तीन मजले चढवणार का?"

आज इथल्या छापखान्यात औषधांच्या माहितीपत्रकांचं हेच काम करतो. एका औषधाचा डोस दुसऱ्याला चिकटला, तर सुनेच्या तक्रारीवर भागायचं नाही.

माझ्यासारखे आठ जण आत्ता त्या वर्गात आहेत. त्यांनी कुठे जायचं? तेव्हा मॅडम, वर्ग नको, जिने बंद करू. त्याच इमारतीत तळमजल्याचा गाळा रिकामा आहे, मालकाशी मी बोललोय. "अरे, साठीत नवं दुकान काय!" म्हणाल. म्हणा. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, शंभरीपर्यंत आमच्या चुका काढत राहा. गाळ्याच्या डिपॉझिटमधला माझा वाटा पाठवतोय, एकवीस हजार रुपये.