पिंजऱ्याचं दार

पडदा वर जातो तेव्हा समोर वेल्डिंगचं दुकान आहे. डाव्या अंगाला भिंतीशी टेकलेल्या लोखंडी नळ्या, उजवीकडे गोठ्याच्या अर्धवट जाळ्या, आणि मधोमध वाट अडवून बसलेला भलामोठा पिंजरा. तोंडापुढे काळी काच धरून ठिणग्या उडवणारी बाई ही आपली नायिका. गाव तिला चेष्टेनं 'वाघाची मावशी' म्हणतं. वस्तीवरचे गोठे तिनं वरून जाळीनं बंद केले, तेव्हापासून बिबट्याची मादी वस्तीशेजारून मुकाट निघून जाते.

पिंजरा आणणारा तिचा धाकटा दीर. कोंबड्यांची शेड चालवतो.

"वहिनी, याचं दार अडकतंय. आजच नीट करून द्या. माझा कुत्रा नेला तिनं."

"कुठून नेला?"

"शेडच्या मागून."

"मागं काय टाकलंय?"

"काय असणार? ओढा आहे."

बाईनं काच खाली ठेवली आणि तडक ओढा गाठला, दीर मागोमाग. वास आधी आला. मेलेल्या कोंबड्यांचा ढीग, त्यावर माश्या, चिखलात पंजांचे ठसे. कोंबड्या पुरायला तिनं त्याच्याकडून खड्डा खणून घेतला होता. तो कुंपणापाशी कोरडा ठणठणीत पडला होता, कारण ओढा जवळ होता.



"रोज ताट वाढून ठेवता, आणि जेवायला आली की चोर म्हणता?"

"तिला धरायचं गावाचं ठरलंय, वहिनी. वर्गणीचा पिंजरा आहे."

"मागे एक मादी धरून नेलीत. तिच्या जागी जो नवखा नर आला, त्यानं खुरपणाऱ्या बाईवर झेप घेतली. कोण होती ती?"

दीर पायानं चिखल उकरू लागला. खुरपणारी ती त्याचीच बायको. तिचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वेणी सासू घालते.

"बोला की. घरातल्या माणसाचं नाव घ्यायला लाज वाटते?"

परत येऊन तिनं यंत्र सुरू केलं. दीर ओरडत राहिला, पण ठिणग्यांपुढे त्याचं काय चालणार? पिंजऱ्याचं पत्र्याचं दार कापून निघालं. मग त्याच्याच हातात फावडं देऊन तिनं ओढ्यातली सगळी घाण खड्ड्यात भरायला लावली. तो ओकला, तरी थांबू दिलं नाही. खड्ड्यावर त्याच दाराचं झाकण बसवलं, कडी घातली.

"आणि गावाला काय सांगू?" त्यानं तोंड पुसत विचारलं.

"सांगा, दार नीट करून मिळालं. आणि भावजी, उद्या ही कडी उघडी दिसली, तर उरलेला पिंजरा तुमच्या मापाचा करीन."