आयरिसला थंडी वाजते!

बागेचा नाद असलेली चार मराठी माणसं एकत्र आली की फुलांआधी किस्से उगवतात. आमच्या कुवेतच्या ‘बाल्कनी बाग’ ग्रुपचे तर गेल्या हिवाळ्यात इतके उगवले, की कुंड्या कमी पडाव्यात!

ग्रुपचे अ‍ॅडमिन डॉक्टर देसाई, पेशाने भूलतज्ज्ञ. सुट्टीवरून येताना त्यांनी आयरिसचे कंद आणले, आम्हाला एकेक वाटला आणि बजावलं, “थंडीपासून जपा!”

जानेवारीत वाळवंटावरून बोचरा वारा सुटला. मिरकाबच्या फ्लॅटमध्ये डॉक्टरांनी वहिनींची शाल थेट कुंडीला गुंडाळली.

“अहो, मी इथे कुडकुडतेय!”

“तू सांगू तरी शकतेस. ती बिचारी मुकी आहे!”

*

लता सिस्टर आयसीयूतल्या, मूळच्या लातूरच्या. दर दोन तासांनी कुंडीचं तापमान चार्टवर लिहायच्या, वर पानांना हेअर ड्रायर! आठवड्यात पानं तपकिरी झाली.

मुलगी म्हणाली, “मम्मा, इट्स डेड.”

“गप गं! ते डिक्लेअर करायचं काम डॉक्टरचं असतंय!”

*

मीही काही कमी नाही. मी लॅब टेक्निशियन. ऊब मिळावी म्हणून लॅबमधल्या एका बंद पडायला आलेल्या इन्क्युबेटरमध्ये कुंडी ठेवली. चार दिवसांनी आमच्या इजिप्शियन सुपरवायझरनं दार उघडलं. कंदावर हातभर बुरशी!

मी मान खाली घातली. तो गंभीरपणे अभिनंदन करत म्हणाला, “मबरूक! ग्रोथ पॉझिटिव्ह!”

*

आमच्यातल्या कुलकर्णींनी एकट्यांनीच शहाणपणा केला. रोपांच्या बाजारात जाऊन विक्रेत्याला विचारलं. तो हसला, “साब, ये तो ठंड का ही पौधा है. बाहर छोड दो.”

कुलकर्णींनी हे ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत डॉक्टरांनी त्यांना ग्रुपमधून काढलं. कारण : अफवा पसरवणे!

*

फेब्रुवारीत ग्रुपमधल्याच उस्मानभाईंचा फोटो आला. ते दापोलीकडचे, अम्गऱ्यात त्यांचं बांधकाम-सामानाचं यार्ड आहे. फोटोत एक फुटकं बेसिन, त्यात निळीजांभळी पाच फुलं. खाली प्रश्न : ‘हे काय उगवलंय?’

शुक्रवारी आम्ही सगळे अम्गऱ्यात! डॉक्टर बेसिनासमोर उकिडवे बसले. त्यांचं स्वतःचं रोप शालीतच मेलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. मग उठून त्यांनी अर्धा तास समजावलं : भिंतीची ऊब, वाऱ्याची दिशा, बेसिनाचा निचरा.

शेवटी मी विचारलं, “उस्मानभाई, तुम्ही नेमकं केलंत काय?”

“मी कसला काय करतोय? तो कंद बेसिनात टाकला नि दोन महिने दापोलीला होतो!”

डॉक्टरांनी सावकाश चष्मा पुसला. आमच्याकडे वळले.

“लिहून घ्या. दोन महिने दापोली!”