करी रोड ते गिरगाव: बाबागाडी, ओवी आणि मी

लोक लेह-लडाखला जाऊन येतात आणि ब्लॉग लिहितात. मी करी रोडहून गिरगावला जाऊन आले आणि लिहितेय. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. आठ महिन्यांचं बाळ बाबागाडीत घालून मुंबईच्या फुटपाथवर उतरलेलं कोणी मात्र हसणार नाही, याची मला खात्री आहे.

निघायचं कारण साधं होतं. पुढच्या महिन्यात माझी रजा संपतेय. ओवीसाठी परळमध्ये पाळणाघर ठरलंय, चांगलं आहे, पण पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. समीर, म्हणजे माझा नवरा, सकाळच्या शिफ्टला जाईल. सासूबाईंना जिने झेपत नाहीत. म्हणजे रोज सकाळी ओवीला उचलून वर मीच नेणार. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं, कारण घराबाहेर उभ्याने मी तिला उचलतच नव्हते.

ओवी अगदी तान्ही असताना आमच्या इमारतीच्या लॉबीत तिला घेऊन उभी होते आणि कमरेत अशी उसण भरली की मी होते तिथेच खाली बसले. वॉचमननी धावत येऊन तिला माझ्या हातातून घेतलं. तिला काही झालं नाही, बाईसाहेब जांभई देत होत्या. माझे हात मात्र सुटत चालले होते, आणि ते मी विसरू शकले नाही. पुढे व्यायाम झाले, पाठ बरी झाली, फिजिओथेरपिस्ट बाईंनी "आता बिनधास्त उचला" असं सांगूनही टाकलं. घरी पलंगावर बसून मी उचलायची. बाहेर पडलं की समीर नाहीतर सासूबाई हात पुढे करायचे, आणि मी निमूटपणे ओवी त्यांच्याकडे द्यायची. भीती वाटायची, दुसरं काही नाही.

म्हणून ठरवलं, पाळणाघर सुरू व्हायच्या आधी एकदा एकटीने तिला घेऊन माहेरी जाऊन यायचं. गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या खोलीत ओवी अजून एकदाही गेली नव्हती. बाळंतपणाला आईच इकडे येऊन राहिली होती, कारण सिझेरियननंतर दोन मजले चढून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

आता गाडीबद्दल, कारण बऱ्याच जणींनी तेच विचारलंय. आमच्याकडे बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत, त्यामुळे बाबागाडीची खरेदी झाली मी बाळंतिणीच्या खोलीत असताना. दुकानात गेले समीर आणि सासूबाई. रिकामा पाळणा हलवू नये, हे तुमच्याही घरी सांगत असतील. सासूबाईंच्या मते तोच नियम गाडीलाही लागू. रिकामी गाडी त्या ढकलू देईनात, म्हणून शेजारच्या दुकानातून एक नारळ आणला, पट्टा लावून गाडीत बसवला आणि मायलेकांनी पाच-सहा गाड्यांची चाचणी घेतली. नारळ रडत नाही, पाय झाडत नाही आणि डुलकी लागली म्हणून एका बाजूला कलत नाही. त्याला जी सर्वांत आरामशीर वाटली ती मोठ्या चाकांची, भरभक्कम गाडी घरी आली. ती आमच्या लिफ्टमध्ये तिरकी करूनच जायची. महिनाभर सगळ्यांची ढोपरं फुटली आणि मग मी स्वतः जाऊन ती बदलून हलकी, मिटणारी आणली. तेव्हा ओवीला बसवूनच पाहिलं. सासूबाईंचं त्या गाडीबद्दलही मत काही बरं नव्हतं.

"चेडवाक गाडयेत कित्याक घालतस गो? आमचे हात मोडले काय?" त्या मालवणीत म्हणाल्या. पोरीला गाडीत कशाला घालतेस, असं.

"आई, तुमचे नाही, माझे," मी म्हटलं. त्यावर त्या ओवीच्या कानामागे काजळाची तीट लावून आत गेल्या.

शनिवारी सकाळी निघालो. दिशा उलटी होती, पण समीरला दादरला काम होतं आणि मेट्रोही तिथून मिळते, म्हणून तिथपर्यंत तो बरोबर. बाळ घेऊन टॅक्सी करणार असाल तर एक लक्षात ठेवा: काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी असते. तिथे बाबागाडी जात नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ती उभी ठेवायची आणि वळणावर एक हात पुढे करून धरायची. आमचे ड्रायव्हर भले होते. लालबाग, परळ, हिंदमाता करत ते इतके हळू गेले की मागचे हॉर्न ऐकून मलाच लाज वाटायला लागली.

शिवाजी पार्कपाशी समीरने ओवीला उचलून गाडीत बसवलं, पट्टे लावले, दोनदा तपासले. "नक्की ना? मी येऊ का गिरगावपर्यंत?"

"जा तू."

"नाही, म्हणजे तिकडे उचलायला..."

"समीर, जा!"

तो गेला. वळून वळून बघत गेला. मी कट्ट्याशेजारी गाडी लावून ओवीला केळं भरवलं. शिवाजी पार्क हा या सगळ्या वाटेवरचा सुखाचा टप्पा. सावली आहे, बसायला कट्टा आहे, आणि बाळाकडे बघून हसणारी माणसं फुकट मिळतात. फुकट सल्लेही मिळतात. फेरी मारून बसलेल्या दोन काकू माझ्याकडे बघत होत्या.

"हल्ली सगळं चाकांवर," एक दुसरीला म्हणाली, मला ऐकू येईल अशा बेताने. मग माझ्याकडे वळून, "अगं, कडेवर घेतलं की मूल कसं शांत राहतं. आमच्या वेळी कुठे होत्या गाड्या?"

"शांतच आहे ती, काकू," मी म्हटलं. खरोखरच शांत होती. मीच नव्हते. इतका राग आला की उरलेलं केळं मीच खाऊन टाकलं.

तिथून मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेले. फुटपाथ जिथे संपतो तिथे गाड्या चढू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात. आमची हलकी गाडी त्यांतून जेमतेम जाते. नारळवाली गेली नसती. बाकी वाट म्हणजे फुलवाले, उखडलेल्या लाद्या, मध्येच लावलेली स्कूटर आणि पुन्हा रस्त्यावर उतरणं. गाडी पायरीवरून उतरवताना आपण उलटं व्हायचं आणि मागची चाकं आधी खाली घ्यायची, म्हणजे बाळाला हिसका बसत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तिसऱ्या पायरीला कळलं.

भुयारी मेट्रोबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहिते. लिफ्ट कुठल्या तोंडाशी आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर जिन्यासमोर उभं राहून आकाशाकडे बघावं लागेल. लिफ्ट सापडली की पुढे सगळं गुळगुळीत. रुंद फाटकातून आत सोडतात, डब्यात गाडी लावायला जागा मिळते, फक्त ब्रेक लावायला विसरू नका. ओवीने समोरच्या खिडकीच्या काळ्या काचेत स्वतःला पाहिलं आणि गिरगाव येईपर्यंत त्या बाळाशी गप्पा मारल्या. तिकिटाचे पैसे टॅक्सीच्या मानाने किरकोळ. मला तर त्या थंडगार डब्यात बसून पहिल्यांदा वाटलं की जमतंय की आपल्याला!

गिरगावात वर आले आणि ओळखीचा वास आला, कुठेतरी तळणीत वडे पडत होते. चाळ तिथून जवळच. खरा प्रश्न होता जिन्याचा. लाकडी जिना, दोन मजले, मध्ये काटकोनात वळण. ओवीला उचलायचं, वर न्यायचं. खाली अंगणात उभी राहून मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे. माझे हात पट्ट्यापर्यंत गेले आणि मागे आले.

"नंदू! थांब, थांब, हात लावू नकोस!" विनूकाकांची हाक आली. विनूकाका आमच्या शेजारच्या खोलीतले, चाळीच्या गणपतीचे जुने कार्यकर्ते. त्यांच्यामागे नितीन, माझ्याच वयाचा, लहानपणी माझे पतंग कापणारा. आईने त्यांना आधीच सांगून ठेवलेलं.

"अख्खी गाडी उचलतो," नितीन म्हणाला. "बाप्पाची मूर्ती चढवतो दरवर्षी, ही तर काय!"

विनूकाका खाली, नितीन वर. "दमानं... वळण आलं... पुढचा जरा उंच... सावकाश, सावकाश!" चाळीचा गणपती पहिल्या मजल्यावर बसतो, आणि त्याला याच जिन्याने, याच हुकमांवर वर नेतात. ओवी गाडीत मांडी घातल्यासारखी बसून सगळ्या दारांकडे बघत वर गेली. मी मोकळ्या हातांनी मागून. सुटले, असं वाटलं, आणि लगेच स्वतःचाच रागही आला. पाळणाघराच्या जिन्यावर कुठले विनूकाका येणार होते?

आईने दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि तिला घेऊन जमिनीवर बसली ती उठलीच नाही. मऊ वरणभात ओवीला, मला वालाची उसळ आणि वाटीभर सोलकढी. माहेरी जेवून मी लहानपणच्या जागेवर, खिडकीखाली, आडवी झाले. आई ओवीला भिंतीवरची पाल दाखवत होती. घरात यापेक्षा दाखवण्यासारखं फारसं नव्हतं आणि दोघींना त्याचं काही वाटत नव्हतं.

"उचलतेस का गं आता?" आईने मध्येच विचारलं, ओवीकडेच बघत.

"बसून उचलते."

तिने पालीकडे पुन्हा बोट केलं.

उन्हं कलली तशी निघालो. ओवी पुन्हा गाडीत, विनूकाका आणि नितीन पुन्हा दोन बाजूंना. चाळीतलं नवं बाळ पहिल्यांदा येऊन गेलं म्हणून तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. सगळे हात हलवत होते. गाडी अंगणात उतरली, फाटकापर्यंत गेली, आणि तिथे त्या दोघांनी अगदी सवयीने, एकमेकांकडे न बघता, ती थांबवली आणि ओवीचं तोंड चाळीकडे फिरवलं.

ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांना सांगायला नको. विसर्जनाला निघताना मूर्तीचं तोंड असंच एकदा घराकडे करतात. घर बघून घे, म्हणतात.

"गणपती बाप्पा..." गॅलरीतून कोणीतरी म्हणालं आणि तसंच थांबलं.

 विनूकाकांच्या लक्षात आलं, त्यांनी जीभ चावली. वरून आईचा आवाज आला, इतका वरच्या पट्टीत मी तो कधी ऐकला नव्हता. "अरे, विसर्जनाला नेताय का तिला? नंदू, काढ तिला! काढ आधी गाडीतून!"

मी पट्टे सोडले. ओवीच्या काखेत हात घातले, तिला उचलली, कडेवर घेतली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. "आम्ही येतोय परत, पुढच्या शनिवारी!" मी मान मागे वळवून वर ओरडले, जणू कोणी तशी हमीच मागितली होती.

मग हळूहळू कळलं. मी उभी होते. रस्त्याच्या कडेला, बसगाड्या शेजारून जात असताना, ओवीला कडेवर घेऊन. कंबर जागच्या जागी होती. हातही. ओवीने माझ्या कानातलं ओढलं आणि मी ओढू दिलं. वर आईने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मघाशी भीतीने धरले असतील, आता ती हसत होती की रडत होती ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं. मी मात्र रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"सॉरी हां नंदू," नितीन पुटपुटला. "हात आपोआप वळले गं."

"असू दे," मी म्हटलं. "गाडी तेवढी मिटून दे."

परतताना टॅक्सी केली. मेट्रोने आले असते तर पैसे वाचले असते, पण मला तिला मांडीवर घेऊन बसायचं होतं. करी रोडच्या पुलाशी रहदारीत बराच वेळ अडकलो. एरवी चिडले असते.

इमारतीखाली समीर उभाच होता. टॅक्सीचं दार उघडताच त्याचे हात नेहमीसारखे पुढे आले. मी ओवीला घेऊनच उतरले, त्याच्या शेजारून पुढे गेले आणि लॉबीत जाऊन थांबले. तो हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"पाठ?" त्याने विचारलं.

"आहे."

वर सासूबाईंनीही हात पुढे केले, माझ्याकडे पाहिलं आणि मागे घेतले. "बरी दिसतस गो बाय," एवढंच म्हणाल्या.

आता तुमच्यापैकी जे विचारत होते, बाबागाडी कुठली घ्यावी, त्यांना माझं उत्तर. सावलीचं छत, मोठा खण, गुबगुबीत गादी, यांच्या मागे फार लागू नका. एका हाताने मिटणारी घ्या. दुकानात उभ्याने मिटून बघा, दुसरा हात न लावता. दुसऱ्या हातावर बाळ असतं.