प्रशिक्षक म्हणून माझी सही

नगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी चौदा वर्षं डायलिसिस विभागात सिस्टर होते. नव्या मुलींना शिकवणं माझ्या कामात कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शिकवत होते मीच. मलाही एका सीनियर सिस्टरनी असंच, काम करता करता शिकवलं होतं.

ती मुलगी श्रीरामपूरकडची. बोलायला धीट. पण डायलिसिसची जाड सुई पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा दोन पावलं मागे सरकली. पेशंट होते भिंगारचे, फौजेतून निवृत्त झालेले एक आजोबा. त्यांनीच हात पुढे केला.

"टोच पोरी. चुकलं तर परत टोच. मला लई सवय झाली हाय."

मी तिची बोटं त्यांच्या हातावरच्या, डायलिसिससाठी ऑपरेशन करून फुगवलेल्या शिरेवर ठेवली. "काय लागतंय?"

"गुरगुरतंय आतून."

"म्हणजे शीर चालू आहे. आता घाल."

एकाच टोचणीत जमलं. आजोबांनी खूश होऊन तिला डब्यातला शेंगदाण्याचा लाडू दिला.

दोन वर्षांत ती माझ्या तोडीची तयार झाली. मग तिच्या घराजवळच डायलिसिसचं सेंटर निघालं. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून तिने तिकडची नोकरी पक्की केली. एक महिना आधी रीतसर राजीनामा दिला, शेवटच्या दिवशी आम्ही केकही कापला.

पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी ती माझ्या दारात उभी. चपला काढायचंही भान नव्हतं.

"ताई, हे आधी वाचा."

आमच्याच हॉस्पिटलचं पत्र होतं. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल प्रशिक्षणाचा खर्च भरावा, एक लाख ऐंशी हजार. भरेपर्यंत मूळ सर्टिफिकेटं मिळणार नाहीत. तिचा पगार होता चौदा हजार.

"सर्टिफिकेटं रुजू होतानाच घेतली हुती त्यांनी," ती म्हणाली. "आता नवीन ठिकाणचे म्हणतात, कागद दाखवा, मगच या."

पत्राला तीन पानांचा तक्ता जोडलेला होता. तारीख, विषय, तास, खर्च. मी खाली वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. 'सुई टोचण्याचे प्रात्यक्षिक, चार तास, सहा हजार रुपये.' तारीख आजोबांनी लाडू दिला त्याच दिवसाची. पुढचा रकाना प्रशिक्षकाचा होता. त्यात माझं नाव. प्रत्येक ओळीत माझं नाव, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही. खोटी नव्हे, माझीच.

ती माझ्याकडे बघत होती. अगदी हळू विचारलं तिने, "ताई, तुमाला यातलं किती मिळालं?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच वाटत होतं, काहीतरी मिळालं असेल.

मग आठवलं. तपासणी येणार म्हणून ऑफिसमधून कागदांचा गठ्ठा आला होता. "सिस्टर, पटापट सह्या करा." मशिनचा अलार्म वाजत होता. मी उभ्या उभ्या सह्या केल्या, एकही पान न वाचता. त्या गठ्ठ्यात किती मुलींचे कागद होते, देव जाणे.

एक मुलगी तर तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर आली. वर्षभरापूर्वी सोडून गेली, त्यानंतर तिने कधी माझा फोन उचलला नव्हता. मी तिला कृतघ्न समजत होते. तिला दुसऱ्या नंबरवरून फोन लावला.

"मी भरले सगळे," ती म्हणाली. "आईच्या पाटल्या मोडल्या. तुमची सही होती ना खाली. मग तुम्हाला काय विचारणार?"

सोमवारी मी एचआरच्या साहेबांसमोर जाऊन बसले. तरुण माणूस, अगदी नम्र.

"मॅडम, पॉलिसी सगळ्यांना सारखीच आहे."

"या सुईच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी युनिटमध्ये सहा पेशंट होते आणि आम्ही दोघीच. चार तास ट्रेनिंग चाललं असेल, तर पेशंट कुणी सांभाळले?"

"पण सही तुमचीच आहे ना?"

"माझीच आहे. म्हणूनच आलेय."

मी लिहून नेलेला कागद पुढे ठेवला. वेगळं प्रशिक्षण झालं नाही, सगळं ड्यूटीतच झालं, मला एक रुपया मिळाला नाही, आणि न वाचता सही केली ही माझी चूक.

त्यांनी तो दोनदा वाचला. "हे दिलंत तर तुमचीही चौकशी लागेल."

"लावा." आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

त्याच कागदाची प्रत आणि मुलीचा अर्ज आम्ही कामगार अधिकाऱ्यांच्या ऑफिसात दिला. तीन आठवड्यांनी हॉस्पिटलने तिला बोलावून सर्टिफिकेटं हातात दिली. वसुली रद्द केल्याचं लिहून मात्र काही दिलं नाही. ती श्रीरामपूरला रुजू झाली.

चौकशी लागली नाही, पण माझी बदली ओपीडीच्या इंजेक्शन रूममध्ये झाली. चार महिने काढले आणि मीही सोडलं.

पाटल्या मोडलेल्या मुलीनेही भरलेले पैसे परत मिळावेत म्हणून कामगार ऑफिसात अर्ज केला, तो अजून तसाच पडून आहे. तारीख असली की मी तिच्याबरोबर जाते. बाकावर शेजारी बसतो. ती माझ्याशी फारसं बोलत नाही.